रशीदभाईंचं पाणी स्वच्छ का होतं

रविवार, अकरा जानेवारी, संध्याकाळी सहा. रक्कम साडेअठरा लाख रुपये. हजर: आपल्या सोसायटीचे अध्यक्ष भामरे, अठरा घरांपैकी चौदा घरांची माणसं, शेजारच्या बंद कारखान्याचे मालक, त्यांचे वकील आणि ठेकेदार, खजिनदार म्हणून मी, आणि तुम्ही. तुम्ही खुर्ची नाकारून पार्किंगच्या कठड्यावर बसला होतात. हातात स्टीलचा पेला होता आणि त्यातलं पाणी न पिता तुम्ही ते ट्यूबलाइटखाली तिरकं करून बघत होतात. मागून ताई कुणाला तरी म्हणाली, लग्नाच्या मांडवातही हे असंच करतात, यजमानांना वाटतं पाण्यात काही पडलंय.

दाजी, तुमचं शिक्षण, भूजल खात्यातली नोकरी, निवृत्ती हे सगळं पेपरात छापून आलं. फोटो बरा आला होता. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही माझे मेहुणे, आणि गेली अकरा वर्षं भिंतीला भिंत लागून शेजारी. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि त्यातली माझी बाजू मला नीट मांडायची आहे. तुमची बाजू मांडायला तुम्ही नाही, म्हणून तीही मलाच मांडावी लागणार. शक्य तितकी चोख मांडतो.

त्या रविवारी मालकांनी ठेवलेला प्रस्ताव असा होता. आपल्या कुंपणाला लागून असलेल्या त्यांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं लोखंडी नळ्यांवर क्रोमचं पाणी चढवत. कारखाना बंद झाला, पण जमिनीत मुरलेलं राहिलं. गेल्या पावसाळ्यात आपल्या सामाईक विहिरीचं पाणी पिवळं झालं. आपल्याला प्यायला पालिकेचा नळ आहे, विहिरीचं पाणी संडास, धुणं आणि बागेला. तरी पिवळं ते पिवळंच. प्रयोगशाळेने सांगितलं की हे क्रोमियमचं विषारी रूप आहे आणि मर्यादेच्या कितीतरी पट आहे. मालक म्हणाले, साडेअठरा लाख देतो. त्यात कारखान्याच्या आवारातली सहा फूट माती काढून मुरूम भरायचा, तुमची विहीर कायमची बुजवायची, आणि यापुढे तक्रार नाही असं सगळ्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं. मुदत एकतीस जानेवारी.

भामरे उठून म्हणाले, "लय झालं पाणी पाणी. पैसे समोर आहेत, घेऊन टाकू."

मीही तेच म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो. माझा हिशोब सरळ होता. आधी तपासणी करायची म्हटली तर चार-पाच लाख आपल्या खिशातून आणि चार महिने. मालक तोपर्यंत थांबतील याची खात्री नाही. हातात येणारे साडेअठरा लाख सोडून पदरचे पाच लाख घालायचे, हे कुठल्याही खजिनदाराने सुचवू नये.

तुम्ही पेला खाली ठेवलात आणि माती काढणाऱ्या ठेकेदाराला, जो मालकांबरोबर आला होता, एकच गोष्ट विचारलीत. सहाच फूट का? तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "साहेब, सहा फुटांखाली कच्चा दगड लागतो. तिथं जेसीबीचे दात झिजतात."

"म्हणजे घाण किती खोल गेलीय ते जेसीबीचे दात ठरवणार," तुम्ही म्हणालात. मग आमच्याकडे वळून म्हणालात, किती खोल गेलंय, किती लांब गेलंय आणि कुठे चाललंय, ही तीन उत्तरं आधी द्या. मग माती उचला, पाणी उपसा, नाहीतर जमिनीत मळी सोडा, जे योग्य ठरेल ते करा.

मळी म्हटल्यावर सगळे हसले. साखर कारखान्याची मळी जमिनीखाली सोडली तर त्या विषाचं रूप पालटून ते जागच्या जागी बसतं, पाण्याबरोबर पळत नाही, हे तुम्ही समजावून सांगितलंत. भामरे म्हणाले, "दाजी, आता जमिनीलाबी उसाचा रस पाजायचा का?"

"रस तुम्ही प्या, भामरे. जमिनीला मळी."

आणि मला, सगळ्यांसमोर: "खजिनदार, तू डॉक्टरला न दाखवता ऑपरेशनचं कोटेशन घेऊन आलास."

मला राग आला होता. तुम्ही मला एरवी विलास म्हणता आणि टोचायचं असलं की खजिनदार. पण त्या दिवशी तुम्हाला खरी चिंता आपल्या विहिरीची नव्हतीच. तुम्ही शेवटी म्हणालात, "रशीदभाईंचं पाणी स्वच्छ का आहे, ते मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत माझी सही नाही."

यावर लोक वैतागले. स्वच्छ आहे ना, मग तक्रार कसली?

ही तक्रार काय होती ते समजायला नोव्हेंबरात जावं लागतं. आपली सोसायटी वरच्या अंगाला, मध्ये कारखाना, आणि कारखान्याच्या पलीकडे, नाल्याच्या उतारावर, रशीदभाईंची गुलाबांची नर्सरी. त्यांचं घर नर्सरीतच. आई, बायको, तीन मुलं, कामाची दोन जोडपी. पालिकेचा नळ त्यांच्यापर्यंत आलेला नाही. पिणं, स्वयंपाक, सगळं बोअरच्या पाण्यावर. नाशकात लहानपणापासून सगळ्यांना एकच भूगोल पाठ असतो, की पाणी नाल्याला आणि नाला गोदावरीला. त्यामुळे विहीर पिवळी झाल्यावर पहिली भीती रशीदभाईंची होती. कारखान्याची घाण उतारावरून त्यांच्याकडेच गेली असणार.

तुम्ही मला बरोबर घेऊन नमुना काढलात. बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा होता. मी स्कूटर चालवत होतो, तुम्ही मागे थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखं अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि डब्यातून पाणी ठिबकायला लागलं. तुम्ही उतरलात, वाहनांमधून वाट काढत रसवंतीवाल्याकडे गेलात आणि बर्फ मागितलात. तो म्हणाला, रस घेतला तर बर्फ. तुम्ही दोन ग्लास रस घेतलात, दोन्ही बिनबर्फाचे, आणि चार ग्लासांचा बर्फ डब्यात भरून घेतलात. एक ग्लास मला ट्रकच्या आडून हात लांब करून दिलात. मधुमेह तुम्हाला, ताईला सांगू नको म्हणालात. मी सांगितलं नाही. आता ती हे वाचेल तेव्हा कळेल.

रशीदभाईंचा निकाल आला: आढळले नाही. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून घरात लावला. त्यांच्या आईने आपल्या दोन्ही घरांना शीरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

तुम्ही मात्र खूश नव्हतात. पुढच्या रविवारी गवंड्याकडून पारदर्शक नळी आणलीत, तिच्यात पाणी भरलंत, आणि एक टोक माझ्या हातात देऊन मला दिवसभर काट्यांत उभं केलंत. आपल्या गेटचा ओटा म्हणजे शंभर फूट असं धरायचं, आणि त्या हिशोबाने तिन्ही ठिकाणचे काठ किती उंचावर आहेत ते काढायचं. आपल्या विहिरीचा काठ शंभर. कारखान्याच्या बोअरचा एकशे एक. रशीदभाईंच्या बोअरचा चौऱ्याण्णव. मग प्रत्येकात पाणी किती खाली आहे ते मोजून काठातून वजा करायचं. आपलं चौतीस फूट खाली, म्हणजे सहासष्ट. कारखान्याचं बत्तीस, म्हणजे एकोणसत्तर. रशीदभाईंचं चोवीस, म्हणजे सत्तर. हे आकडे तुम्ही खडूने पंपखोलीच्या भिंतीवर लिहिलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.

"पाणी मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे जातं," तुम्ही म्हणालात. "आता वाच."

मी वाचलं. रशीदभाईंकडून कारखान्याकडे आणि कारखान्याकडून आपल्याकडे. वरची जमीन नाल्याकडे उतरते आणि खालचं पाणी उलट आपल्याकडे येतं. मी विचारलं, असं कसं? तुम्ही म्हणालात, आपल्याकडे काळा दगड आहे, त्याच्या भेगा आपल्याला विचारून जात नाहीत. एक तर मध्ये कुठे अखंड दगड आडवा असेल, नाहीतर दुसरं काही.

"दुसरं काय?"

"मोजलं की सांगेन."

हीच तुमची खोड, दाजी. तुम्हाला अंदाज असायचा. तुमच्या चेहऱ्यावर तो दिसायचा. पण माप हातात येईपर्यंत तोंडातून काढायचा नाही. ताई म्हणते, मुलगा होणार की मुलगी यावरसुद्धा यांनी कधी पैज लावली नाही. मी आयुष्यभर आकड्यांत राहिलो, तरी मला हे जास्त वाटायचं. आकडा पक्का नसला तर आम्ही कंसात लिहितो आणि पुढे जातो. तुम्ही कंसच मानत नव्हतात.

मालकांच्या प्रस्तावानंतरच्या रविवारी, अठरा तारखेला, तुम्ही आपल्या विहिरीचा पुन्हा नमुना घ्यायचं ठरवलंत. प्रयोगशाळेचा माणूस खास येणार होता. आणि त्यासाठी आपल्या सोसायटीने जे केलं ते फक्त आपणच करू शकतो. माणसं येणार म्हणून भामऱ्यांनी शनिवारी पंप लावून विहीर पार उपसली, दोन मजूर उतरवून कडा घासून घेतल्या, आणि नव्याने झरलेल्या पाण्यात किलोभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतली. पायऱ्या धुतल्या. बायकांनी काठावर रांगोळी काढली. ताईने विहिरीची ओटी भरली, नारळ आणि ब्लाउजपीस घालून. बाहेरचा माणूस येतोय, आपली विहीर घाणेरडी दिसायला नको, असं सगळ्यांना मनापासून वाटलं होतं.

तुम्ही आलात, वास घेतलात आणि काठावर बसकण मारलीत. मला वाटलं, आता भामऱ्यांना सोलून काढणार. तुम्ही आधी हसलात. मग हसणं थांबलं. "भामरे, रक्त तपासायचंय म्हणून पेशंटला आंघोळ घातलीत तर समजू शकतो. तुम्ही त्याचं रक्तच बदलून ठेवलंत." टीसीएलने त्या क्रोमियमचं रूपही बदलू शकतं, त्यामुळे आता काढलेला आकडा खोटा असेल, हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत.  भामरे नंतर मला हळूच म्हणाले, "चांगलं करायला गेलो राव." प्रयोगशाळेचा माणूस रिकाम्या बाटल्या घेऊन परत गेला. ओटीतला नारळ तुम्ही ताईकडे दिलात आणि म्हणालात, चटणी कर, विहिरीला काही उपयोग नाही.

मग तुम्ही विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, आता झालंच आहे तर पंप बंदच राहू द्या. आठवडाभर. का, ते सांगितलं नाहीत. भामऱ्यांना बरंच वाटलं, विहीर तशीही बुजवायचीच होती. त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला.

त्या आठवड्यात तुमचा घसा बसला, ताप आला, तुम्ही घरातच होतात. शनिवारी, चोवीस तारखेला, संध्याकाळी तुम्ही मफलर गुंडाळून आपल्या मधल्या भिंतीपाशी आलात आणि मला हाक मारलीत. सकाळी तुम्ही विहिरीवर आणि कारखान्यात माप घेऊन आला होतात, हे मला ताईकडून कळलं होतं.

"विलास, पंप चालू कर. पाणी आपल्या टाकीत नको. कारखान्याच्या सांडपाण्याच्या हौदात सोड. मालकांशी मी बोलतो."

मी म्हणालो, आठवड्यापूर्वी बंद करा म्हणालात, आता चालू करा म्हणता. सहीला आठवडा उरलाय, लोक मला विचारतात, मी काय सांगू? एकदा काय ते नीट सांगा.

"उद्या सकाळी रशीदभाईंच्या बोअरचं माप घेतो. मग सांगतो."

"आत्ता सांगा."

"मोजल्याशिवाय नाही, खजिनदार."

तुम्ही आत गेलात. मी भामऱ्यांकडे फ्यूज मागायला गेलो तर ते लग्नाला मालेगावला गेले होते, उद्या येणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने त्याच भिंतीवरून मला हाक मारली. तिची हाक ऐकूनच मी धावलो.

आपलं शेवटचं बोलणं पंपावरून झालं, याचं मला वाईट वाटतं असं लोकांना वाटतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. आपण नेहमीच पंप, टाकी, चाळण, पाइप यांवरूनच बोलायचो, तेवढंच आपल्याला येत होतं. मला वाईट वाटतं ते तुम्ही वाक्य पुढच्या दिवसावर ठेवलंत याचं. ती सवय तुमच्याजवळ होती आणि पुढचा दिवस नव्हता.

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, भामरे कागद घेऊन आले. आवाज खाली ठेवून म्हणाले की ताईंची सही दहाव्यानंतर घेऊ, घरात सुतक आहे. माझी आत्ता चालेल, मी त्यांच्या माहेरचा, मला सुतक नाही. सगळ्यांच्या झाल्या आहेत, मालकांनी एवढं समजून घेतलंय. मी पेन काढलं. कागद वाचायची मला सवय आहे. तिसऱ्या कलमात होतं: सोसायटीने विहिरीतील उपसा कायमस्वरूपी बंद करून विहीर बुजवावी.

उपसा बंद. तुम्ही शेवटचं वाक्य म्हणाला होतात, पंप चालू कर. आणि पंप अजूनही बंदच होता, तुम्ही गेल्याच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मी भामऱ्यांना एक दिवस मागितला. ते नाराज झाले. म्हणाले, "दाजी गेले, आता तुम्ही सुरू झाला का?" पण फ्यूज देऊन गेले.

माप घ्यायची टेप तुमच्या घरी होती. मागायला गेलो तर ताई स्वतः ती घेऊन बाहेर आली. सुतकातली बाई पाचव्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडली म्हणून दोन खिडक्या उघडल्या. तिने तिकडे बघितलं नाही. टेपच्या टोकाला खडू कसा फासायचा हे मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. खडू लावलेली टेप सोडायची, वर ओढायची, जिथपर्यंत खडू भिजला तिथपर्यंत पाणी. ती म्हणाली, वीस वर्षं यांच्याबरोबर गावोगाव हिंडले, तिथे दुसरं बघण्यासारखं काय असायचं?

आपली विहीर: अठ्ठावीस फूट. कारखान्याची बोअर, वॉचमनने उघडून दिली: तीस. मग आम्ही दोघं रशीदभाईंकडे गेलो. ताईला बघून ते उभे राहिले, बोअरचं झाकण काढून दिलं. चोवीस. नोव्हेंबरएवढंच.

पंपखोलीच्या भिंतीवर तुमच्या आकड्यांखाली मी नवे लिहिले. शंभरातून अठ्ठावीस गेले, बहात्तर. एकशे एकातून तीस, एकाहत्तर. चौऱ्याण्णवातून चोवीस, सत्तर. पाणी मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे जातं. आता ते आपल्याकडून कारखान्याखालून रशीदभाईंकडे चाललं होतं.

मी खडू हातात धरून उभा होतो. बोलली ताई.

"म्हणजे आपण रोज ओढत होतो म्हणून त्यांना लागत नव्हतं."

मग खालच्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "आणि आता आपण सोडलंय."

दगड कुठे आडवा नव्हता, दाजी. आपला पाच हॉर्सपॉवरचा पंप आडवा होता. अठरा घरांचे संडास आणि बाग यांच्यासाठी तो वर्षानुवर्षं रोज उपसत होता आणि कारखान्याखालचं विष आपल्याकडे खेचून घेत होता. आपलं पाणी पिवळं आणि त्यांचं स्वच्छ, याचं कारण एकच होतं. आणि आम्ही साडेअठरा लाख घेऊन नेमका तोच पंप कायमचा बंद करून देत होतो, वरची सहा फूट माती बदलून, खालचं सगळं तसंच ठेवून.

फ्यूज बसवला, पंप सुरू केला. कारखान्याच्या हौदाचं कुलूप मालकांच्या परवानगीशिवाय वॉचमन उघडेना. मी फोनवर मालकांना म्हणालो, पाच मिनिटांत उघडलं नाही तर पाणी तुमच्या ऑफिसच्या दारात सोडतो. मी असं कुणाशी कधी बोललेलो नाही. कुलूप उघडलं.

रशीदभाईंना सांगणं सर्वांत कठीण होतं. मी आकडे सांगायला लागलो, त्यांनी हात वर केला. लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघून म्हणाले, "दाजी त्याच दिवशी बोलले होते, विलासभाई. रिपोर्ट त्या दिवसाचा असतो, जिंदगीभरचा नाय." मग आत गेले. त्यांची आई माठाजवळ बसली होती. त्यांनी माठ उचलला, मागच्या दाराने नेऊन गुलाबांपासून दूर, दगडांवर पालथा केला, आणि तसाच पालथा ठेवून आले. आईने विचारलं, क्या हुआ? ते म्हणाले, "कुछ नहीं अम्मी, धोना था."

त्यांच्या बोअरचा नवा नमुना त्याच दिवशी गेला. या वेळी द्वारकेला गर्दी नव्हती. निकाल मुदतीच्या दिवशी, शनिवारी दुपारी आला. मर्यादेच्या आत. पण आढळले.

त्या संध्याकाळच्या बैठकीत मी तुमच्यासारखा कठड्यावर बसलो नाही, खुर्चीवरच बसलो. मालकांचे वकील म्हणाले, मर्यादेच्या आत आहे म्हणजे कायद्याने स्वच्छच आहे. मी मालकांना म्हणालो, तुमचा कागद आमच्याशी आहे. रशीदभाईंशी नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या मुलांच्या पोटात पिवळं पाणी गेलं, तर आमच्या सह्या तुम्हाला कुठे पुरणार? मालक वाईट माणूस नाही, तुम्हीही ते म्हणायचात. वडिलांनी सुरू केलेला कारखाना त्यांना मिळाला तसा त्यांनी चालवला. ते उठून पंपखोलीपर्यंत गेले, भिंतीवरचे वरचे तीन आकडे आणि खालचे तीन आकडे वाचत उभे राहिले. वरचं अक्षर तुमचं, सरळ. खालचं माझं.

"हा पंप किती दिवस चालवायचा?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही. तेच मोजायचंय."

भामऱ्यांनी जुना कागद सगळ्यांसमोर फाडला. फाडताना म्हणाले, "दाजींनी आधीच सांगायला काय हरकत होती?"

हाच माझा मुद्दा आहे, दाजी. आपलं भांडण इथेच अडलंय. तुम्ही म्हणणार, माप नसताना बोललो असतो आणि चुकलो असतो, तर तुम्ही लोकांनी माझ्या अंदाजावर साडेअठरा लाखांचा निर्णय घेतला असता. पटतं. त्या रविवारी कठड्यावरून तुम्ही हेच शिकवत होतात, आणि तुम्ही अडवलं नसतं तर आज विहिरीत मुरूम असता. तरीही चोवीस तारखेला भिंतीपाशी तुम्हाला दोन मापं मिळाली होती. तिसरं राहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं की पलीकडे माणसं पाणी पितात. तिथे "बहुतेक" एवढा एक शब्द घालून सांगितलं असतं तरी रशीदभाईंचा माठ पाच दिवस आधी पालथा झाला असता. निर्णय घ्यायला पूर्ण माप लागतं. एखाद्याला पाणी पिऊ नको म्हणायला अर्धं पुरतं. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि तुमचं उत्तर ऐकायचं होतं. तुम्ही बहुधा पेला वर धरून बघत बसला असतात.

ताईने मला विचारलं, त्या रात्री यांना झोप नव्हती, पाणी रशीदभाईंकडे चाललंय हे कळलं म्हणून तर गेले नसतील ना? मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या झडपेचं जुनं दुखणं होतं. हे खरं आहे. यापलीकडे माझ्याकडे माप नाही, म्हणून मी यापुढे काही बोललो नाही. तुमच्याकडून एवढं तरी घेतलं.

नवा कागद फेब्रुवारीत झाला. त्यात रकमेचा एकच आकडा नाही. मालकांनी आधी तपासणीचा खर्च द्यायचा: आवारात चौकटी आखून प्रत्येक चौकटीतली माती वेगवेगळ्या खोलीवर तपासणं, दगडात सहा नव्या बोअर, दूरच्या स्वच्छ शेतातली माती तुलनेसाठी, आणि पावसाळ्याआधी व नंतर पाण्याची मापं. तोपर्यंत आपला पंप चालू, पाणी हौदात, हौदातून टँकरने सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर. उपसायचं, खणायचं की मळी सोडायची, हे त्यानंतर. अजून एक घमेलं माती कुणी उचललेली नाही. भामरे रोज विचारतात, झालं का मोजून?

आजपर्यंत मालकांकडून गेलेले पैसे असे. बोअर पाडणाऱ्याला आगाऊ दीड लाख. प्रयोगशाळेला बेचाळीस हजार. नर्सरीवर येणाऱ्या पिण्याच्या टँकरचे आठवड्याच्या आठवड्याला. आणि काल, पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात, नर्सरीपर्यंत पाइप टाकून नळजोडणी देण्यासाठी एकतीस हजार दोनशे रुपये. जमीन त्यांच्या नावावर आहे, म्हणून पावती रशीदभाईंच्या अम्मींच्या नावे.